चाळीस मायक्रॉनचा थर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधे हसलात तर पुढचं सांगणार नाही.

तळोज्याला आमच्या कंपनीत धातूच्या पावडरीतून माणसांची हाडं बनतात. मशिनमधली पट्टी टायटॅनियमच्या पावडरीचा केसाहून पातळ थर पसरते, लेसर तो हवा तिथे वितळवतो, त्यावर पुन्हा थर. असे हजारो. एक जरी वाकडा पडला तर सगळं मुसळ केरात.

हे काम जोतीरामदादांचं. रोज आल्या आल्या एकच प्रश्न, "पावडर चाळली का?" मी वैतागायचे. मंगळवारी दादा घरीच हार्ट अटॅकने गेले आणि त्यांचं अर्धवट काम माझ्या गळ्यात पडलं. सारसोळ्याच्या बयाबाईच्या पोरीचा जबडा कॅन्सरने खाल्ला होता. तिला बसवायचा नवा जबडा. ऑपरेशन शनिवारी.

गुरुवारी सकाळपासून तिसऱ्यांदा तेच. पट्टी फिरायची, थर आरशासारखा पडायचा, आणि बघता बघता त्यावर पाच खळगे उमटायचे. नेमके जबड्याच्या जागी. पट्टी बदलली. पावडर चाळली, सुकवली. तरी पाच. डोकं फिरलं माझं.

"सनी, काय धाड भरलीय रे तुझ्या मशिनला?"

मेंटेनन्सचा सनी काचेला नाक लावून उभा होता. "चेंबर सीलबंद आहे, मॅडम. आत हवासुद्धा नाही, नुसता आर्गॉन वायू..." मग हळूच म्हणाला, "ही... बोटं आहेत ना? पायाची?"

"गप रे!"

तेवढ्यात दादांच्या बायकोचा, मालतीवहिनींचा फोन. त्यांच्यात माणूस गेला की त्या जागी दिवा लावून शेजारी पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. पिठावर जे पाऊल उमटेल त्यावरून पुढचा जन्म कळतो म्हणे.

"क्षिप्रा, आज टोपली उचलली गं. काहीच नाही उमटलं... हे गेले तरी कुठे?"

माझी नजर काचेआडच्या त्या पाच खळग्यांवर गेली. काहीबाही बोलून फोन ठेवला. मग भीतीपेक्षा रागच आला. संध्याकाळच्या आत काम सुरू झालं नाही तर ऑपरेशन रद्द, आणि त्या पोरीला थांबायला वेळ नव्हता. मी काचेवर थाप मारली. "दादा, पाय काढा! पोरीचा जीव आहे त्यात!"

पट्टी फिरली. थर सपाट. पुढचाही सपाट. सनीने मशिनला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी जबडा निघाला, इतका सुबक की दादांनीच केलाय असं वाटावं. ऑपरेशनही झालं.

महिन्याने बयाबाई सुकट घेऊन मला भेटायला आली. पोरगी बरी होती, जेवत होती, बोलत होती. ऐकून मला रडूच आलं. जाताना बयाबाई दारात घुटमळली.

"येक ईचारू, ताय? पोरगी पहाटंला झोपंतच बोलते. रोज येकच..."

"काय बोलते?"

"'पावडर चाळली का?'... कंची पावडर गो?"