तीनशे काडेपेट्यांचा डाव

“ज्या कोणी ही वावडी उठवली की जानराव काडेपेट्यांच्या नादानं मेला, त्यानं एका भल्या माणसाचं मरण नासवलं,” हिंमतराव म्हणाले. “वावडी उठवणारा अजून जित्ता हाय. दोन टाइम जेवते. नाव नाही घेत मी त्याचं.”

धाड गावच्या थांब्यावर शेवटची एसटी चुकलेली कॉलेजातली चार पोरं त्यांच्याभोवती बसली होती. कंदिलाची वात बारीक करून हिंमतरावांनी सांगायला घेतलं. गोष्ट त्यांच्या ओळखीतल्या पंजाबराव मास्तरांची.

साल अडुसष्ट. तेरा नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी सात वाजता पंजाबराव बुलढाण्याहून सायकलवर धाडला आले, ते एक ट्रंक न्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला विज्ञान प्रदर्शनात ती मांडायची होती. ट्रंकेत तीनशे काडेपेट्या होत्या आणि त्या फुली-गोळा खेळायच्या.

खेळायच्या म्हणजे खरंच खेळायच्या. डाव जसजसा दिसू शकतो, त्या प्रत्येक रूपासाठी एक पेटी, वर त्याचं चित्र. आत कडधान्याचे, सरकीचे दाणे. मूग म्हणजे मधलं घर, तूर म्हणजे वरचा कोपरा, सरकी म्हणजे खालचा. नऊ घरांसाठी नऊ जातींचे दाणे. पेट्यांची पाळी आली की चित्र जुळेल ती पेटी खुळखुळवायची, न पाहता एक दाणा काढायचा, तो सांगेल त्या घरात फुली. पेट्या हरल्या तर काढलेले दाणे फेकायचे. जिंकल्या तर तसलेच दोन-दोन जास्त टाकायचे. हरता हरता वाईट चाली संपतात, चांगल्या साठतात. मंत्र नाही, तंत्र नाही. कोणी जन्मानं शहाणा नसतो, संधी मिळाली की होतो, हे पंजाबरावांना साऱ्या जिल्ह्याला त्या पेट्यांतून दाखवायचं होतं. सांगताना ते टेबलावर मूठ आपटत.

पण शिकायला समोर गडी लागतो. कंटाळा न करता हजारो डाव खेळणारा. तसा एकच भेटला, धाडचा जानराव. गुरं बांधली की म्हातारा पेट्यांसमोर बसायचा. जेमतेम दोनशे डाव झाले आणि श्रावणात तो तापानं गेला. ट्रंक त्याच्याच घरी राहिली. गावात कोणीतरी म्हणालं, पेट्यांनी माणूस खाल्ला. उद्या पेट्या खेळल्या नाहीत, तर हेच खरं ठरणार होतं.

पंजाबरावांना धास्ती वेगळीच होती. काचेच्या मण्यांऐवजी दाणे घेतले, ही त्यांची चूक. पावसाळाभर पडलेलं कडधान्य. किड्यानं सारं शिक्षण पोखरून पीठ केलं असणार.

जानरावची बायको भिमाबाई दारातच म्हणाली, “घेऊन जा मास्तर. नाही तं उद्या चुलीत घालत होती मी.”

“काऊन, मावशी?”

“दिवा लागला का वाजते ते.”

“किडे असतील.”

“किडे थांबू थांबू वाजतात काय?”

“तुम्ही बी गावासारखंच बोलता.”

“मले नका शिकवू. हे पाहा.” तिनं एक फडक्याची थैली पुढे केली. बक्षिसाचे दाणे त्यात असायचे. “श्रावणात गच्च भरेल होती. गाठ तशीच हाय, अन् आत एक दाणा नाही. उंदीर खाऊन गाठ मारून जाते काय?”

पंजाबरावांनी ट्रंक पुढे ओढली. ट्रंकेतली वरची पेटी उघडली. मूग. हिरवेगार, एकाला भोक नाही. एवढं त्यांना पुरलं. ट्रंक कॅरियरला आवळली आणि साडेआठला निघाले.

अष्टमी होती, चंद्र उगवायला मध्यरात्र. सायकलच्या डायनामोचा तेवढा उजेड. रस्ता खडीचा. तीनशे पेट्या एकदम खुळखुळायला हव्या होत्या.

वाजली एक.

मग काहीच नाही. सायकल तशीच आदळत होती. फर्लांगभरानं ट्रंकेच्या दुसऱ्या कोपऱ्यातून... एक.

पंजाबराव कान देऊन ऐकू लागले. एक पेटी. शांतता. दुसरी पेटी. शांतता. ती शांतता त्यांच्या ओळखीची होती. समोरचा गडी विचार करतो, तेवढी.

ते उतरले. चाक थांबलं, दिवा गेला.

दोन्ही बाजूंना ज्वारी. वारा नाही.

खुळ्ळ...

“कोण हाय?”

खुळ्ळ...

डाव चालू होता. त्यांना त्यात कोणी धरलंच नव्हतं.

ट्रंक तिथंच टाकून पळता आलं असतं. पण मग उद्या...? ते परत सायकलवर बसले. पायडल मारलं. दिवा लागला. पेटी. शांतता. पेटी. शांतता. नऊ मैल असंच. मग एकदा शांतता लांबली. फार लांबली. पंजाबराव पायडल मारत राहिले. आणि त्यांच्याच तोंडून निघून गेलं,

“जानबा... पाळी तुमची हाय.”

...

खुळ्ळ.

बुलढाण्याला पोचल्यावर रात्रभर ते ट्रंकेकडे पाहत बसले. ती वाजली की नाही, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

सकाळी प्रदर्शनात एकेक पेटी उघडून त्यांनी मांडली. या पेटीत नुसती तूर. त्या पेटीत नुसती सरकी. तीनशेच्या तीनशे पेट्यांत फक्त एकेका जातीचा दाणा. चुकीची चाल एकीतही उरली नव्हती. दोनशे डावांत हे होत नाही. दोन हजारांतही नाही.

पाहुणे यायचे होते. हॉल झाडणारा रंगराव खराटा भिंतीला टेकवून समोर बसला. पाच डाव खेळला. तीन हरला, दोन बरोबरीत सुटले. मग त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

“चुकतच नाही बाप्पा हे,” तो म्हणाला. “मास्तर, याच्यासंगं इतके डाव बसलं कोण?”