खिळा धरणारा हात

सुतारखान्याचं दार बाहेरून खिळे ठोकून बंद केलेलं. फौजदारीणबाईंनी ते पहारीने उचकटलं. आत म्हातारा मिस्त्री भुशात पालथा पडला होता. डोक्यात मागून घाव, शेजारी धाकट्या मुलाचा हातोडा.

थोरला मुलगा डोळे पुसत म्हणाला, "भर दुपारी समोरच्या खिडकीतून बघितलं मी, बाई. डाव्या हाताने खिळा धरून धाकटा दार ठोकत होता. एक वाकला, तो उपटून पायरीखाली फेकला. दुसरा लावला."

"आणि तुम्ही गप्प?"

"मला वाटलं, दुरुस्ती चाललीय."

पायरीखाली वाकडा खिळा निघाला. हवालदार खूश. धाकट्याचे हात त्याने स्वतः दाबून पाहिले: उजवा रेड्यासारखा दणकट, डावा त्या रेड्याच्या जुळ्या भावासारखा!

चौकीत धाकट्याला चहा दिला. त्याने उजव्या हाताने कप उचलला. डाव्या हातातली बशीही तशीच तोंडाकडे निघाली. चहा छातीवर सांडला.

"नाटक्या!" हवालदार हसला.

धाकट्याची बायको उसळली. "नाटक? बांधकामाच्या परांचीवरून पडून डोकं फुटलं तेव्हापासून याच्या शर्टाची बटणं मी लावतेय! तुमच्या जिभेलाही लावू का एक?"

बाई अशा गरजल्या की कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट पुढच्या तालुक्यात उतरली. "हवालदार, तोंड बंद! इस्पितळात फोन लावा."

फोन झाला, तशी बाईंनी सगळ्यांना सुतारखान्यात नेलं. धाकट्याच्या एका हातात खिळा, दुसऱ्यात हातोडा दिला.

"ठोक."

हातोडा वर गेला. खिळ्याचा हातही वर गेला. पुन्हा तेच. खिळा खाली पडला. धाकटा संतापाने रडायला लागला. "एवढंसुद्धा जमत नाही मला. बाबा धरायचे खिळा. मी ठोकायचो."

बाई थोरल्याकडे वळल्या. "मार मेंदूला बसलाय. एकेकटा हात दणकट; पण दोघांना वेगळी कामं दिली की डावा उजव्याची नक्कल करतो. डॉक्टरांनी पडल्यावरच हे सांगितलं होतं. एकाने धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं, हे त्याच्याच्यानं होणं नाही. मग तुम्ही बघितलंत कुणाला?"

"उन्हात... नीट दिसलं नसेल."

"वाकडा खिळा कुठे पडला ते दिसलं, आणि सख्खा भाऊ ओळखू आला नाही? त्या खिळ्याची गोष्ट ठोकणाऱ्यालाच ठाऊक. तो तुम्ही! वडील हा सुतारखाना धाकट्या सुनेच्या नावे करणार होते. तुम्ही बाप मारलात आणि भाऊ फासावर चढवायला निघालात."

थोरला पांढराफटक पडला. मग एकदम ओरडला, "पण त्याचे हात असे झालेत, हे मला कुणी सांगितलंच नाही!"

 

धाकटी सून पुढे आली. "एकाच अंगणात राहतो आपण, भाऊजी. वर्ष झालं. एकदा तरी विचारलं होतंत?"