मधलं पेडल

"जगातली कुठलीही वस्तू बदलता येते. मोटारीनं मानवजातीला दिलेली ही सर्वांत मोठी शिकवण," भाऊजी मोटारीखालून म्हणाले. एवढ्यात इंजिनातलं काळं तेल टपकन त्यांच्या तोंडात पडलं आणि मानवजातीची शिकवणी तिथेच सुटली.

"तोंड मिटून काम करावं, भाऊजी," शेडच्या दारातून वहिनी म्हणाल्या.

वहिनींचे ते धाकटे दीर. पण त्या हाक मारत म्हणून सगळ्या गल्लीचेच ते भाऊजी झाले होते. जन्मभर कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवल्यामुळे श्रोत्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे, आणि आता श्रोता म्हणून घरात वहिनीच तेवढ्या उरल्या होत्या. थोरले भाऊ, म्हणजे दादा, गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. तेव्हापासून वहिनी दोन घासांवर उठत, खिडकीशी बसत आणि "आता इथं माझं काय आहे" असं म्हणत. तेही अगदी सहज. "त्यांचं मन कशात तरी गुंतवा, नाहीतर कठीण आहे," डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून भाऊजींनी दादांची बंद पडलेली मोटार चालती करायला घेतली. वहिनी राहाव्यात, एवढाच हेतू. पण असं सरळ सांगतील तर ते भाऊजी कसले? विचारलं की ते पिस्टनबद्दल बोलत.

मोटार त्या जुन्या, लाखांनी निघालेल्या जातीची. कारखान्यात सांगाडा सरकत पुढे जायचा. एक कामगार बोल्ट घालायचा, पुढचा आवळायचा. सगळ्या एकसारख्या, सगळ्या काळ्या, आणि एकीचा भाग दुसरीला डोळे मिटून बसायचा. स्वभाव मात्र तऱ्हेवाईक. वेग वाढवायचा तो हातानं. पायाशी तीन पेडलं: डावं पुढे नेणारं, मधलं मागे नेणारं, उजवं ब्रेकचं. चालकाच्या बाजूचं दार नुसतं शोभेचं. ते उघडतच नाही. त्यानं शेजारच्या दारानं चढून पलीकडे सरकायचं. टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्याच वजनानं इंजिनाकडे उतरणार. चढावर नाक वर झालं की इंजिन उपाशी. म्हणून मोठा चढ उलटा चढायचा. दादा रोज सकाळी वहिनींना घरामागच्या टेकडीवर असेच न्यायचे.

"लोकांचे नवरे बायकोला पुढे नेतात," वहिनी म्हणायच्या. "यांनी मला जन्मभर मागंच नेलं."

पहिली गोष्ट घडली ती अगदी किरकोळ. स्टिअरिंगखाली ठिणगीची कळ असते, इंजिनात ठिणगी लवकर पडावी की उशिरा हे ठरवणारी. समोरून हँडल मारण्यापूर्वी ती वर सारायची, नाहीतर हँडल उलट फिरून मनगट मोडतं. भाऊजी पक्के विसराळू; कळ खालीच सोडून जात. सकाळी येऊन पाहावं, तर ती वर. कंपनामुळे सरकत असेल, असं त्यांनी ठरवलं. बंद इंजिनाला कंपन कुठलं, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्याला विचारला असता. स्वतःला विचारला नाही. कळ बदलली. नवी कळही वर जाऊ लागली.

मग एकदा इंजिन धडधडलं. वहिनी आपण होऊन येऊन शेजारी बसल्या. भाऊजी हरखले आणि जन्माच्या सवयीनं त्यांनी डावं पेडल क्लच समजून दाबलं. गाडी समोरच्या भिंतीवर झेपावली. घाबरून त्यांनी दुसराही पाय त्याच पेडलवर दिला.

इंजिन खोकलं आणि बंद पडलं. भिंत वीतभर पुढे होती.

मधलं पेडल तळापर्यंत दाबलेलं होतं. ते हळूहळू वर आलं, पाय उचलावा तसं.

वहिनी समोर पाहत हलकेच म्हणाल्या, "त्यांना सवय नाही. रागावू नका."

हे आपल्याला उद्देशून नाही, एवढं भाऊजींना कळलं.

त्या दिवसापासून वहिनी पोटभर जेवू लागल्या. केस नीट विंचरू लागल्या. डॉक्टर खूश झाले. भाऊजींनाही आनंद व्हायला हवा होता. त्यांनी त्याऐवजी पेडलं बदलली. मग चालकाच्या सीटची गादी बदलली. दुसऱ्या दिवशी नवी गादी दबलेली होती, डावीकडे जरा जास्त. दादा डाव्या अंगावर कलून बसत.

"वहिनी, आता दादांचं या गाडीत काहीही उरलेलं नाही," ते म्हणाले.

"मग एवढे घाबरता कशाला?"

एका लख्ख सकाळी भाऊजी शेडमध्ये गेले, तर वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. शाल घेऊन, टेकडीवर जाताना घेत तशी. भाऊजींनी हँडल मारलं. पहिल्याच फेरीत इंजिन लागलं.

ते वळसा घालून त्यांच्या दाराशी आले.

"वहिनी, जरा उतरा. मला पलीकडे सरकू द्या."

"कुठं बसाल?" त्या म्हणाल्या. "जागा नाही."

सीट रिकामी होती. गादी दबलेली होती.

भाऊजींनी दार घट्ट धरलं. "उतरा, वहिनी. मी चहा टाकतो. मग काय ते बोलू."

वहिनींनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. प्रेमानं. त्यांचा हात ऊबदार होता.

मधलं पेडल खाली गेलं. सावकाश.

गाडी मागे निघाली. भाऊजी थोडं धावले, मग दम लागून उभे राहिले. ती टेकडीला लागली, उलटी, दोन्ही दिवे त्यांच्याकडे रोखून. वळणावर स्टिअरिंगचं चाक बेताबेतानं फिरत होतं. वहिनी तोंड इकडे करून बसल्या होत्या. घर लहान लहान होताना पाहत होत्या. मग मान शेजारी कलवून त्यांनी काहीतरी ऐकलं आणि हसल्या.

शेवटच्या वळणाशी त्यांनी तोंडाशी हात धरून हाक मारली.

"भाऊजी, फाटक लावून घ्या. कुत्री येतात."