काटेगोळे कुठे गेले?

दुपारच्या सामसुमीत स्वयंपाकघरातल्या नळाने उचकी दिली. टप्! आणि गप्प झाला.

"गेलं पुन्हा!" आईने हातातले टोमॅटो तसेच टोपलीत टाकले.

"शेजारची तेता पेरिना चोरते ना पाणी!" रोको म्हणाला. "सगळ्या बेटावरची झाडं वाळली, हिचीच लिंबं हिरवी. आज संध्याकाळी पाणीवाले बार्बा फ्राने तिचा नळ कायमचा तोडणार आहेत." बेटावर मावशीला तेता म्हणत आणि काकांना बार्बा.

"भांडी धुतलेलं पाणी घालते ती लिंबांना!" दुन्या उसळली. "माझ्या खिडकीतून दिसतं मला. नळ तोडल्यावर तिने प्यायचं काय?"

"गावाला कोण पटवणार, बाळा?" आई म्हणाली. "जा, तुझा सुट्टीतला अभ्यास तरी उरक."

अभ्यास मजेचा होता. किनाऱ्यावर कुठला जीव कुठे राहतो आणि किती, ते शोधायचं. रोकोने जुन्या पिंपाचं लोखंडी कडं खांद्यात अडकवलं, धाकट्या नेवाने पाण्यातला चष्मा चढवला आणि तिघं भावंडं निघाली.

"डोळे मिटून फेकायचं," दुन्याने बजावलं. "कड्यात येईल तेवढंच मोजायचं."

"उघडे ठेवून फेकलं तर?"

"तर तू फक्त तारामाशांवरच फेकशील!"

"बरोब्बर! मग त्यात वाईट काय?"

गुडघाभर पाण्यात कडं पडेल तिथे खडकांवर काळे काटेगोळे, अंगभर काटे असलेले चेंडूसारखे जीव! रोकोने तर एकावर पायच दिला. "आई गं! हा एक लिही! टाचेने मोजला!"

पण होड्यांच्या छपरासमोर कडं पडलं आणि दुन्या थबकली. एकही काटेगोळा नाही! नुसतं लुसलुशीत हिरवं शेवाळ.

"पुन्हा फेक!"

पुन्हा तेच. छपराच्या पलीकडे मात्र परत काटेगोळेच काटेगोळे.

"कुणीतरी खाल्ले," रोकोने निकाल दिला.

"आणि शेवाळ पेरून गेला?"

इतक्यात नेवा पाण्यातून फुरफुरत वर आली. "दुन्या, इथला समुद्र बिघडलाय! खारटच लागत नाही!"

दुन्याने जिभेवर थेंब घेतला. तिचे डोळे चमकले. "काटेगोळ्यांना गोडं पाणी सोसत नाही! आणि ते नाहीत, म्हणून शेवाळ खायला कुणी नाही! रोको, गावाचा पाइप कुठून जातो?"

"ह्या छपराखालून. बार्बा फ्रानेंनीच तर पुरला वसंतात, घाईघाईत..." रोकोचं तोंड उघडंच राहिलं.

तिघांनी जोर लावून काठावरचा दगड सरकवला. बुडबुड, बुडबुड! खालून गार पाणी उसळत होतं.

मुलं धावत सांगायला आली, तेव्हा बार्बा फ्राने हातात पाना घेऊन तेता पेरिनाच्या दाराशी पोचलेसुद्धा होते.

"माझा पाइप गळतो? नवाकोरा आहे! जा, पोहा जाऊन!"

"बरं, राहिलं," रोको एकदम गरीब चेहरा करून म्हणाला. "ऊन फार आहे. गार पाणी तरी घ्या, बार्बा." आणि त्याने हातातला तांब्या पुढे केला.

त्यांनी आख्खा तांब्या घशात रिकामा केला. "वा! किंचित खारट, पण काय गार! कुणाच्या विहिरीचं?"

"समुद्राचं! तुमच्या पाइपाशेजारचं!" तिघं एका सुरात ओरडली.

बार्बा फ्रानेंनी तांब्याकडे पाहिलं, मग पान्याकडे. आणि पाना खांद्यावर टाकून मुलांच्या मागोमाग किनाऱ्याकडे चालू लागले.

अंधार पडायच्या आत पाइपचा निसटलेला सांधा आवळून झाला. बार्बा फ्राने टोपी हातात घेऊन तेताच्या उंबऱ्यावर उभे राहिले.

"चुकलो, पेरिना. मी बसलो पाइपावर भरवसा ठेवून. समुद्राला विचारलं ते ह्या पोरांनी. शाबास रे!"

"आत ये, मेल्या," तेता पदराआड नव्हे, उघड उघड डोळे पुसत म्हणाली. "मासे गार होतायत. आणि माझ्या ह्या तीन वकिलांना आधी वाढते!"

घरातला नळ खळखळत होता. तेताने लिंबाचं सरबत दुन्याच्या हातात दिलं. तेवढ्यात नेवाने तिची बाही ओढली.

"दुन्या, तिथलं पाणी आता पुन्हा खारट झालंय, हे काटेगोळ्यांना सांगणार कोण?"