वेळूच्या जाळीतली हाक

पटलं तर घ्या. पण मी स्वतः तिथे होतो. चिलीतल्या चिलोए बेटावर, मावशीच्या घरामागच्या रानात, ऑगस्टमधल्या एका धुकट दुपारी.

एदेल्मिरामावशीच्या कोंबड्या मरत होत्या. मानेवर दोन बारीक भोकं. मांसाला तोंडही लावलेलं नाही.

"ग्विन्या," लिसांद्रोकाका म्हणाले. मावशीचा नवरा.

ग्विन्या म्हणजे आमच्याकडची रानमांजर. घरच्या मांजरीहून लहान, ठिपकेदार, झुबकेदार शेपटीची. वेळूच्या जाळीत झोपते, झाडावर सरसर चढते. खुराड्यात शिरली की खाते थोडं, मारते फार.

पण कुत्रा भुंकत नव्हता...

एकदाही नाही.

"ओळखीचंच कुणीतरी असणार," काका पुटपुटले.

मावशी हसली. "मग काय, मी मारते की काय कोंबड्या?"

काका हसले नाहीत.

त्या दिवशी मावशी सकाळच्या बोटीने पलीकडच्या बेटावर गेली, मैत्रिणीकडे लोकर पिंजायला. काकांनी बंदूक काढली. आम्ही दोघं रानात शिरलो.

पाखरं गप्प होती. पानांवरून थेंब गळायचेही थांबले...

आणि ती दिसली. वाकड्या फांदीवर. आमच्याकडेच बघत होती.

काकांनी नेम धरला.

"लिसांद्रो, थांब! मी आहे!"

मावशीचा आवाज. फांदीखालच्या जाळीतून.

काकांनी बंदूक खाली केली. वर पाहिलं तर फांदी रिकामी.

आम्ही जाळी पिंजून काढली. कुणी नव्हतं. चिखलात पाऊल नव्हतं. माणसाचं नाही, मांजरीचंही नाही.

संध्याकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. मावशी बोटीतून उतरली, केसांत लोकर.

"मारलं नाहीस ना रे तिला?"

काका पांढरे पडले. "तुला कुणी सांगितलं?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या. चल, भूक लागलीय."

कोंबड्या मरायच्या थांबल्या. काका मात्र तेव्हापासून चुलीपाशी एकटेच झोपतात.

परवा मी त्यांच्याकडे होतो. मावशी बटाट्याची भाकरी थापत होती. काका लाकडं रचत होते. तेवढ्यात रानातून हाक आली...

"लिसांद्रो!"

मावशीचाच आवाज.

मी मावशीकडे पाहिलं. तिचे हात पिठात थांबले होते. ओठ मिटलेले.

काकांनी तोंड उघडलं, तशी ती हळूच म्हणाली, "ओ देऊ नकोस. ती रोज बोलावते. मलाही... तुझ्या आवाजात."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे.

मी अंधार पडायच्या आधीच निघालो. मावशीचं खरं मानावं की नाही, ते मला अजून कळत नाही.