चतुर्थीचा मेसेज

मध्यंतराच्या आधीच रत्नप्रभाबाई थिएटरात उभ्या राहून ओरडल्या, "अहो, तो बघा आपला देवेश!"

नशीब काढायला परदेशी निघालेल्या पोरांवरचा हिंदी सिनेमा होता. पडद्यावर विमानतळ, बॅगा ओढणारी गर्दी आणि त्या गर्दीत त्यांचा मुलगा देवेश. खरा देवेश वर्षापूर्वीच कॅनडाला गेला होता. आणि हे दृश्य गेल्या दिवाळीनंतर गोरेगावात घेतलं होतं, असं सिनेमावाल्यांना फोन करताच कळलं.

फोन केला होता कांदिवली पोलीस ठाण्याच्या सब-इन्स्पेक्टर क्षमा परुळेकरांनी. रत्नप्रभाबाई समोर बसून एकच विचारत होत्या, "माझा झील जिवंत आहे ना?"

"त्याच्याशी बोलणं होतं?"

"मेसेज येतात. फोनला वेळ नसतो त्याला."

"उगाच तमाशा," नवरा भाऊराव पुटपुटले. "एकासारखी एक माणसं असतात."

क्षमाने देवेशच्या व्हिसाचं काम पाहणाऱ्या एजंट हर्षदला बोलावून घेतलं.

"मॅडम, त्याचा व्हिसाच नाकारला. मी ह्या भाऊरावांना ऑफिसात बसवून सांगितलं."

"खोटारडा! अख्ख्या बिल्डिंगने हार घातले पोराला. मी स्वतः विमानतळावर सोडला!" भाऊराव उसळले.

दोघांपैकी एक थाप मारत होता. आणि एजंट म्हटला की आपला संशय कुठे जातो, ते काय सांगायला हवं?

क्षमा मात्र बाईंच्या मोबाइलवरचे मेसेज वाचत होती. दिवाळी, संक्रांत, होळी. शुभेच्छा एकही चुकली नव्हती. गणेश चतुर्थीला मात्र फक्त एवढंच: 'जेवून घे. तब्येत सांभाळ.'

"गणपतीचं काहीच विचारलं नाही त्याने?"

"गेल्या वर्षी बसलाच नाही आमच्याकडे. सासूबाई त्याच आठवड्यात गेल्या. सुतक होतं."

"देवेशला कळवलंत?"

"नाय ओ. आजी म्हणजे जीव की प्राण त्याचा. परदेशात एकटा रडत बसेल, म्हणून ह्यांनी सगळ्यांना बजावलं, कोणी कळवायचं नाही."

"आणि एरवी गणपतीत?"

"मखर तोच करायचा. खुळा होता गणपतीसाठी."

क्षमाने मोबाइल भाऊरावांपुढे सरकवला.

"देवेशने हे लिहिलं असतं, तर आधी मूर्तीचा फोटो मागितला असता. हर्षदने लिहिलं असतं, तर मोदकांसकट शुभेच्छा धाडल्या असत्या. तुमच्या घरातलं मरण त्याला ठाऊकच नव्हतं. लिहिणाऱ्याचा हात सुतकाने अडवला. तुमच्या घरात आता माणसं दोनच. बाई इथे पोराला शोधतायत. देवेशचा फोन कुठे ठेवलाय, भाऊराव?"

भाऊराव खचले. "हार घालून झाले होते हो! व्हिसा नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्याला विमानतळावरूनच वाटेला लावला. म्हटलं, परदेशी जाशील तेव्हाच घरी ये. फोनही काढून घेतला."

"आणि तो गप्प बसला? आईसाठीसुद्धा आला नाही?"

"आईलाही तुझं तोंड बघायचं नाही, असं सांगितलं मी."

रत्नप्रभाबाई रडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची नवऱ्यापासून लांब ओढली. लोकांच्या चार हारांपायी ह्या माणसाने पोटचा पोर नाहीसा केला होता, आणि कायद्याने त्याला फार काही होणार नव्हतं. क्षमाला त्याचीच चीड आली.

संध्याकाळी देवेशला वाकोल्याच्या एका खोलीतून ठाण्यात आणलं. सिनेमात गर्दीतला माणूस म्हणून उभं राहायचं, ह्यावरच त्याचं पोट चालायचं. तो दारातच थबकला. बापाकडे त्याने पाहिलं नाही.

"आई, अजून चिडलीयस गं?" तो हळूच म्हणाला. "मग आधी मला आजीकडे जाऊ दे ना. ती काढेल तुझी समजूत."