काइतूसाठी मागवलेली बोट

"मेल मी पाठवला होता, तेरिबाबाई. पण आता माझं ऐकतंय कोण?"

बोलत होती दवाखान्याची नर्स रोतिया. बेटावरचा तरुण काइतू पोटाच्या दुखण्यानं गेला होता. त्याला राजधानीला न्यायला आपण बोटखात्याकडे बोट मागवली, असं ती सांगत होती. पण लॅपटॉपमध्ये तसा मेलच नव्हता. संध्याकाळी मनेआबात, गावाच्या सभाघरात, सगळ्यांची सभा होती. मेल सापडला नाही तर तिची नोकरी जाणार, आणि काइतूला तिनंच मारलं हे गाव कायमचं धरून बसणार.

तेरिबा पूर्वी पोलिसात होती. आता लोकांच्या भानगडी खासगीत सोडवायची. सोबत चुलतभाऊ इओतेबा. अंगानं आडवा, डोक्यानं सावकाश आणि मनानं लोण्यासारखा. तेरिबाच्या एका खोडीचा त्याला वैताग होता. सभेत सगळं उलगडेपर्यंत ती कुणाला ताकास तूर लागू देत नसे.

"त्या सकाळी आणखी काही पाठवलंस?" तिनं विचारलं.

औषधभांडाराकडे पट्ट्या मागितल्या होत्या, रोतिया म्हणाली. पट्ट्या पुढच्या बोटीनं आल्या, नवा लॅपटॉपही आला. काइतू मात्र तोवर गेला होता. पट्ट्यांचा मेल शोधला, तर तोही नाही. नव्या लॅपटॉपवर दोन्ही मेल तिनं पाहिले होते. चौकशी लागली, आणि एका सकाळी इंटरनेटची डिश सुरू केल्यावर दोन्ही नाहीसे झाले.

जुना लॅपटॉप ती बोट आली त्याच दिवशी तिच्या मावसभावानं, मिकाएरेनं, मागून नेला होता. नात्यातल्या माणसानं बुबुती केली, म्हणजे हक्कानं काही मागितलं, की नाही म्हणायची सोय नसते. मिकाएरे म्हणाला, त्यावर आम्ही नुसते सिनेमे बघतो. डिश दवाखान्यातच, घरी कशाला जोडणार?

सभेसाठी आलेला बोटखात्याचा अधिकारी बुरेंताऊ अगदी गोड बोलला. "सगळ्या दवाखान्यांची मेलची खाती आमच्या कचेरीतून उघडता येतात, बाई. मी स्वतः बघितलं. तिनं काही पाठवलेलंच नाही."

तेरिबानं मान डोलावली. "मिकाएरेकडचा लॅपटॉप सभेला घेऊन ये," तिनं इओतेबाला सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

बॅटरी उतरलेली, म्हणून इओतेबानं तो दवाखान्यात चार्जिंगला लावला. मागोमाग मिकाएरेची बायको आली. तिचा मुलगा मालवाहू जहाजावर होता. "भाऊ, जरा डिशला जोडून दे ना. लेकाचं काही आलंय का बघते." ती त्याच्या आईकडून नात्यातली. त्यानं जोडून दिला. लेकाचं काही आलं नव्हतं.

सभेत तेरिबा उभी राहिली.

"खरं खातं राजधानीच्या सर्व्हरवर असतं. आपल्या लॅपटॉपमध्ये त्याची नक्कल. डिश लागली की नक्कल आपोआप खात्याशी जुळते. तिथं आलेलं इथं येतं, तिथं पुसलेलं इथंही पुसलं जातं. पट्ट्या आल्या, म्हणजे तो मेल गेला होता. तरी तोही गायब. रोतिया खोटं बोलत असती, तर पट्ट्यांचा मेल जागेवर असता. कुणीतरी घाईत त्या सकाळचं सगळंच पुसलं, तेही चौकशी लागल्यावर. खाती कुठून उघडतात, ते साहेबांनीच सांगितलंय. बोट पाठवायची राहिली, आणि ते झाकायचं होतं."

बुरेंताऊच्या हातातला विणलेला पंखा थांबला. "पट्ट्यांचा आला असेल. बोटीचा कुठाय?"

"या जुन्या लॅपटॉपमध्ये. पुसापुशीच्या आधी तो दवाखान्यातून गेला. तेव्हापासून डिशला लागलाच नाही."

इओतेबा पुढं सरसावला. "ताई," तो म्हणाला, पण तिनं झाकण उघडलं होतं. पाठवलेल्या मेलांत ती सकाळ नव्हतीच.

काइतूचा बाप उठून निघून गेला. रोतियानं दवाखान्याच्या किल्ल्या चटईवर ठेवल्या. बुरेंताऊ पुन्हा वारा घेऊ लागला.

"डिशला जोडून कुणी मागितलं?" बाहेर आल्यावर तेरिबानं विचारलं.

इओतेबानं मिकाएरेच्या बायकोचं नाव सांगितलं.

"मग तू तरी नाही कसं म्हणणार," ती म्हणाली. "मीच तुला आधी सांगायला हवं होतं."

बुरेंताऊला न्यायला बोट वेळेवर आली. त्याच बोटीनं रोतियाही गेली. तिला पोचवायला धक्क्यावर इओतेबा एकटाच होता.